खिचडीची शाळा

खान्देशात रात्रीच्या जेवणाचा फार विचार करावा लागत नाही. दुपारी भाजी-भाकर झालेली असते, शेतातून किंवा दुकानावरून यायला उशीर होतो, आणि घरातून आवाज येतो, ‘खिचडी टाकते गं.’ क्रियापद हेच, टाकणे. तुरीची डाळ, तांदूळ, लसूण, हळद, तिखट, मीठ. ताटात वाढल्यावर वरून कच्चं शेंगदाण्याचं तेल, बाजूला भाजलेला उडदाचा पापड आणि कांदा, जमलंच तर कढी. रावेर-यावलच्या केळीबागायतदाराकडे हेच आणि त्याच्या सालदाराकडेही हेच. अवेळी पाहुणा आला तर त्याला अहिराणीत सांगतात, ‘खिचडी टाकेल शे, जेईसन जाय.’ साधं जेवण पुढे ठेवलं म्हणून ना सांगणारा ओशाळतो, ना पाहुणा नाराज होतो.

आणि याच जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेला ‘खिचडीची शाळा’ म्हणतात. हे नाव प्रेमाने घेतलेलं नसतं. लग्नात, बसस्टँडवर, किराणा दुकानात विचारणा होते, ‘पोराला कुठं टाकलं?’ उत्तर आलं की समोरचा म्हणतो, ‘म्हणजे खिचडीच्या शाळेत.’ पुढे आणखी एक वाक्य बहुतेक वेळा येतंच, ‘तिथं काय, पोरं खिचडी खायला जातात.’ बाप गप्प बसतो. पोरगं शेजारीच उभं असतं आणि ऐकत असतं.

या बोलण्याला माझा विरोध आहे. मुलांची मनं दुखावतात हे कारण आहेच, पण तेवढंच नाही. या एका तुच्छतेमुळे शाळेतलं जेवण, ते शिजवणाऱ्या बाया आणि ते खाणारी मुलं या तिघांचंही प्रत्यक्ष नुकसान होतं. आपण ते होऊ देतो, कारण ‘खिचडीच तर आहे’.

एका शब्दाला अनेक अर्थ फुटतात, याबद्दल माझी काही तक्रार नाही. भाषा जिवंत असल्याची ती खूण आहे. बिरबलाची खिचडी म्हणजे कधीच न संपणारं काम, हे महाराष्ट्रात लहान मूलही सांगेल. अमळनेर तालुक्यातल्या पाडळसरे धरणाला लोक तेच म्हणतात आणि बरोबर म्हणतात. दोन दशकांहून अधिक काळ उलटला, तरी तिथल्या शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पाणी आलेलं नाही. दोन माणसं कोपऱ्यात कुजबुजताना दिसली की ‘काहीतरी खिचडी शिजतेय’. काळ्या केसांत पांढरे मिसळले की खिचडी. चार पक्षांनी मिळून सरकार केलं की खिचडी सरकार, मग ते १९७७ सालचं दिल्लीतलं जनता पक्षाचं असो, १९७८ मधलं मुंबईतलं पुलोदचं (पुरोगामी लोकशाही दलाचं) असो, की अलीकडच्या आघाड्या-युत्यांचं. एकादशीची साबुदाण्याची खिचडी तर तांदूळही नाही आणि डाळही नाही, तरी नाव तेच. उत्तर भारतात संक्रांतीच्या सणालाच खिचडी म्हणतात आणि गोरखपूरच्या गोरखनाथ मंदिरात त्या दिवशी ती वाहायला लाखोंची रांग लागते.

हा पदार्थ गरिबाचा, असाही एक समज आहे, पण तो टिकत नाही. चौदाव्या शतकात आलेल्या मोरोक्कोच्या प्रवाशाने, इब्न बतूताने, मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून तुपाबरोबर सकाळी खाण्याची इथली रीत लिहून ठेवली आहे. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही मुदपाकखान्याचं जे माप आहे त्यात तांदूळ, मुगाची डाळ आणि तूप तिन्ही सारख्या वजनाचे आहेत. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी दिल्लीत ‘वर्ल्ड फूड इंडिया’ या सरकारी प्रदर्शनात ९१८ किलो खिचडी शिजवून विश्वविक्रम नोंदवला गेला. जगापुढे भारताचं अन्न म्हणून मिरवायला खिचडीच निवडली होती. त्या वेळी ती राष्ट्रीय पदार्थ होणार अशी इतकी चर्चा झाली की खुद्द मंत्र्यांना खुलासा करावा लागला. विक्रमाच्या कढईतली खिचडी अभिमानाची आणि जिल्हा परिषद शाळेच्या पातेल्यातली हिणवण्याची, हा फरक अन्नाचा नाही. तो खाणारा कोण आहे यावरून पडतो.

या शब्दाची दुसरी जखम भाषेची आहे. अहिराणीबद्दल शहरी मराठी माणसाचं ठरलेलं वाक्य असतं, ‘थोडी गुजराती, थोडी हिंदी, थोडी मराठी, सगळी खिचडी.’ हे बोलणाऱ्याला वाटतं आपण माहिती सांगतोय. चावी, पगार, बटाटा हे शब्द पोर्तुगीजांकडून आणि तारीख, जमीन, शिफारस हे फारसी-अरबीकडून घेतलेल्या मराठीला कोणी खिचडी म्हणत नाही. तिला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने अभिजात दर्जा दिला, आणि तो मिळायलाच हवा होता. ब्रिटिश अधिकारी ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाने १९०७ मध्ये खान्देशीला, म्हणजे अहिराणी जिच्यात मोडते त्या भाषेला, भिली भाषांच्या खंडात बसवलं. २०११ च्या जनगणनेत ती स्वतंत्र भाषा म्हणून नोंदली आहे आणि बोलणाऱ्यांचा आकडा १८ लाखांच्या वर आहे. तिला स्वतःचं व्याकरण आहे. ‘तो करस’ आणि ‘त्या करतस’ यात चूक झाली तर तीन वर्षांचं पोर तुम्हाला हसेल. नियमाशिवाय कालवलेल्या गोष्टीत चूक काढताच येत नाही. अहिराणीत ती काढता येते, कारण ती भाषा आहे. यावल-रावेरकडची लेवा बोली, सातपुड्यातली पावरी, भिली, यांच्याही वाट्याला हेच शेरे येतात.

आता शाळेत पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाच्या जागी उभं राहून बघा. त्याची बोली खिचडी, त्याची शाळा खिचडीची आणि त्याचं दुपारचं जेवण खिचडी. तिन्ही ठिकाणी एकच शब्द आणि तिन्ही ठिकाणी तो खाली दाखवणारा. शिंदखेडा, साक्री, अक्कलकुवा, धडगावच्या मुलाला हा मार दुप्पट बसतो, कारण तिथं शाळेतलं हे ताट म्हणजे अनेक घरांत दिवसातलं सगळ्यात भरवशाचं जेवण असतं.

या जेवणामागचा इतिहासही थोडा सांगायला हवा. तो माहीत नसल्यामुळेच ‘सरकार फुकट वाटतंय’ असा सूर लागतो. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. सुरुवातीला आपल्याकडे शिजवलेलं अन्न नव्हतंच. हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. तांदळाची ती पिशवी ज्यांनी खांद्यावर नेली, ते आज पालक आहेत. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, राजस्थानातल्या भूकबळींच्या पार्श्वभूमीवर दाखल झालेल्या याचिकेत, राज्यांना बजावलं की कोरडं धान्य चालणार नाही, शाळेत शिजवून गरम जेवण द्या. त्यानंतर शाळांच्या आवारात चुली पेटल्या. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलांना, सुट्टीचे दिवस सोडून, दररोज एक मोफत जेवण हा हक्क करून टाकला. तो सरकारी शाळांपुरता नाही, अनुदानित खासगी शाळांनाही लागू आहे. गावातल्या ज्या अनुदानित संस्थेच्या हायस्कूलला लोक मानाने हायस्कूल म्हणतात, तिथंही पाचवी ते आठवीची मुलं हेच जेवण जेवतात. तिला मात्र कोणी खिचडीची शाळा म्हणत नाही.

जेवणात किती काय असावं, तेही ठरलेलं आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल, मिळून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, ७०० कॅलरी, २० ग्रॅम प्रथिनं. तांदळात लायसिन हा प्रथिनांतला घटक कमी असतो आणि तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जे कमी पडतं ते तांदूळ पुरवतो. दोन्ही एका पातेल्यात पडले की वाढत्या अंगाला लागणारी प्रथिनं पुरी होतात. आपल्या आज्यांना लायसिन हे नाव माहीत नव्हतं, पण आजारातून उठलेल्या माणसाला काय वाढायचं हे पक्कं माहीत होतं.

हे सगळं कागदावर. प्रत्यक्षात काय होतं ते धुळे जिल्ह्यातल्या एका शाळेत मी सकाळभर बसून पाहिलं. शाळा भरायच्या आधी मावशी आलेल्या. पोत्यातला तांदूळ सुपात घेऊन पाखडणं, खडे वेचणं, डाळ निवडणं. मास्तरांनी फळ्यावर पट आणि उपस्थिती लिहिली, तो आकडा बघून त्यांनी तांदूळ मोजला. किचनशेडचा एक पत्रा उडालेला होता, तिथून ऊन थेट त्यांच्या पाठीवर. फोडणी पडल्यावर वर्गातली पोरं खिडकीकडे बघायला लागली. मुलांना वाढायच्या आधी मास्तरांनी घास खाल्ला आणि चव नोंदवहीत सही केली. पहिली-दुसरीची पोरं ओसरीवर रांगेत बसली, काहींच्या मांडीला मांडी लावून अंगणवाडीतली धाकटी भावंडं. मावशी वाढत पुढे गेल्या की मागून हाक, ‘मावशी, आखो वाढ.’ सगळ्यात शेवटी बुडाची खरवड निघाली आणि तिच्यासाठी चौथीतल्या दोन पोरींची जुंपली. पातेली घासून, शेड झाडून मावशी दुपारनंतर कापूस वेचायला गेल्या, कारण नुसत्या शाळेच्या पैशांत घर भागत नाही.

त्यांना जे मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मजुरीही नाही. त्याला मानधन म्हणतात. सरकारी कागदावर त्या ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’. केंद्राने २००९ मध्ये त्यांचं मानधन महिन्याला १००० रुपये ठरवलं, तेही वर्षातले दहा महिने, आणि त्यानंतर इतक्या वर्षांत केंद्राचा तो आकडा हलला नाही. राज्याने आपल्या तिजोरीतून भर घातली, तरी ती रक्कम जगण्याला पुरेल अशी झालेली नाही. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीच्या कामावर खड्डा खणणाऱ्याला राज्यात दिवसाला २९७ रुपये होते. केंद्राच्या हिशेबाने शाळेत रोज मुलांना शिजवून घालणाऱ्या बाईचा पूर्ण महिना त्याच्या चार दिवसांएवढाही भरत नाही. कोणत्या कामाला किती मोल द्यायचं हे ठरवताना त्या कामाला समाज काय म्हणतो, याचा परिणाम होतोच. ‘काय करते ती? खिचडी टाकते शाळेत.’ हे वाक्य गावात सहज बोललं जातं आणि मंत्रालयातल्या फाइलीवर तेच मानधन होऊन बसतं.

तुच्छतेचा आणखी एक परिणाम मला जास्त घातक वाटतो. ज्या वस्तूला आपण हलकं मानतो, तिची चौकशी करायला आपण जात नाही. डाळ जुनी आली, तांदळात अळ्या निघाल्या, भाजीचे पैसे महिनोन्महिने आले नाहीत आणि मुख्याध्यापकाने किराणा दुकानात उधारी केली, याबद्दल ग्रामसभेत आवाज उठत नाही. विषबाधा झाली तर दोन दिवस बातमी होते. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात धर्मसती गंडामन गावच्या शाळेत कीटकनाशक मिसळलेलं जेवण खाऊन २३ मुलं गेली. त्यानंतर देशभर चर्चा झाली ती ‘ही योजनाच बंद करा’ अशी. अपघात झाला म्हणून आपण एसटी बंद करत नाही, ब्रेक तपासायला सांगतो. इथं मात्र ताटच उचलून न्यायची भाषा, कारण ते ताट आपल्या मुलाच्या पुढचं नसतं.

शिक्षकांची तक्रार मी मनापासून मान्य करतो. ‘खिचडी मास्तर’ हा शब्द त्यांना फार लागतो. दररोज उपस्थिती ऑनलाइन भरायची, तांदळाचा शिल्लक साठा जुळवायचा, वाढत्या गॅसचा हिशेब ठेवायचा. कार्यालयीन पत्रांत याचं नाव ‘शापोआ’, शालेय पोषण आहार. दोन शिक्षकी शाळेत एक जण शापोआत अडकला की चार वर्ग एकट्यावर येतात. यावर उपाय हिशेबाला वेगळा माणूस देणं हा आहे. जेवणाला दोष देऊन शिक्षकाचा एक तासही वाचणार नाही.

मग शब्दच बदला, असं काही जण सुचवतात. नावं बदलून झाली आहेत. मध्यान्ह भोजन झालं, शालेय पोषण आहार झालं, २०२१ पासून पीएम पोषण झालं. २०२४ मध्ये पदार्थही वाढले. पुलाव, मसालेभात, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, तांदळाची खीर यादीत आली. पोरं अजूनही त्या सगळ्याला खिचडीच म्हणतात, आणि म्हणू देत. त्यांच्या तोंडी त्या शब्दात भूक आणि आनंद असतो. मला तो शब्द हटवायचा नाही. मोठ्या माणसांनी त्यात जी थुंकी मिसळली आहे ती काढायला हवी.

ती कशी निघेल? आधी मोठ्यांनी स्वतःची जीभ सांभाळावी. खासगी इंग्रजी शाळेत मूल टाकणाऱ्याने जरूर टाकावं. तो त्याचा निर्णय आहे. पण आपला निर्णय योग्य ठरवायला दुसऱ्याच्या मुलाच्या ताटाकडे बोट दाखवू नये. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनाही सांगणं आहे. जूनमध्ये पटनोंदणीचे फलक लागतात, त्यावर डिजिटल वर्ग असतो, स्पर्धा परीक्षा असतात, मोफत गणवेश असतो, जेवण मात्र नसतं किंवा शेवटच्या ओळीत असतं. ते वरच्या ओळीत, मापासकट लिहा. ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं, रोज गरम. किती खासगी शाळा असा दावा करू शकतील?

आणि ताटात भर हवी. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्यांना केळं, असं ठरवलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा सरकारी पैसा थांबला. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जिथं कुपोषणाचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिथं हे पाऊल मागे घेणं अन्यायाचं आहे. केळ्याचं तर आश्चर्यच वाटतं. भाव पडला की रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपड्यात केळीचे घड बांधावर फेकायची वेळ येते, जनावरांपुढे टाकतात, आणि तिथून पन्नास-साठ कोसांवरच्या शाळेत आठवड्याला एक केळं नियमित पोचवायला व्यवस्था अपुरी पडते. शेतकऱ्याकडून थेट खरेदीचा करार जिल्हा परिषद करू शकते. ज्वारी-बाजरी ज्या तालुक्यांत पिकते तिथं निदान थंडीत तरी तांदळासोबत भाकरी का नको? खान्देशातल्या मुलाला ती आवडते आणि घरी ती आता कमी होत चाललीय.

स्वयंपाकी बायांना किमान वेतन मिळालं पाहिजे, बारा महिने मिळालं पाहिजे, आणि दरवर्षी करार संपवून त्यांना पुन्हा अर्ज करायला लावणं थांबलं पाहिजे. वीस-वीस वर्षं एकाच शाळेत शिजवणाऱ्या बाया आहेत. आज शिक्षक झालेली, ग्रामसेवक झालेली, पोलिसात गेलेली मुलं त्यांच्या हातचं खाऊन मोठी झाली.

यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही, निदान काही गोष्टींसाठी तरी नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. पोतं उघडून तांदूळ बघायचा, डाळीची तारीख बघायची, चव नोंदवही मागायची आणि भाजीचे पैसे का आले नाहीत हे पंचायत समितीला लेखी विचारायचं काम त्या समितीने आपलं मानावं. महिन्यातून एकदा सरपंच, ग्रामसेवक आणि दोन-चार पालकांनी त्याच रांगेत, त्याच ओसरीवर, मुलांच्या शेजारी बसून जेवावं. वर बसायला खुर्ची नको, वेगळा मेनू नको आणि आधी कळवायचं नाही.